शालूची शून्यरेषा

चौऱ्याण्णव हा आकडा पडद्यावर उमटला तेव्हा केतकी मुरदंडेने आधी मागे वळून पाहिलं. दुसऱ्याच कुणा मुलाचा आकडा आपल्याला दाखवत असतील आणि त्या मुलाची आई आपल्या मागे उभी असेल, अशी तिला शंका आली. मागे कुणी नव्हतं. कोल्हापूरच्या शाळाजुळणी केंद्रातल्या त्या खोलीत ती होती, समोर डॉ. अनघा शिराळकर होत्या आणि टेबलाखाली मांडी घालून बसलेली तिची सहा वर्षांची शालू चपलेचा पट्टा काढत आणि लावत होती.

"'निवांत' चौऱ्याण्णव," डॉक्टर म्हणाल्या. "आणि तुमच्या गल्लीच्या टोकाची पालिकेची शाळा एकतीस. इतका मोठा फरक मी यंदा पहिल्यांदाच बघतेय. निवांतमध्ये एकच जागा उरलीय, ती शालूच्या नावावर राखून ठेवते. आठ दिवसांत स्वीकृतीचा अर्ज आणून द्या."

आनंदाने माणूस वेंधळा होतो. केतकीने डॉक्टरांचे तीन वेळा आभार मानले, पर्स खुर्चीलाच अडकवून निघाली, परत आली, चौथ्यांदा आभार मानले आणि शालूला कडेवर घेऊन जिना उतरली. शालूला उचलून घेतलेलं आवडत नाही हेही ती त्या भरात विसरली. शालूने तिच्या खांद्याला चावून ते लक्षात आणून दिलं.

दोन वर्षं ती शाळा शोधत होती. शाल्मली सुयोग मुरदंडे हे नाव चांगलं लांबलचक होतं, पण नाववालीला येणारे शब्द मोजून अकरा होते. शालू स्वमग्न होती. मिक्सर सुरू झाला की ती कान झाकून घ्यायची, कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली जायची, आणि अनोळखी माणसाने "नाव काय गं बाळाचं" म्हणत गालाला हात लावला तर त्या माणसाची धडगत नसे. इचलकरंजीतल्या शाळा तिला नाही म्हणत नसत, कारण कायद्याने तसं म्हणता येत नव्हतं. त्या चहा देत, "आमच्याकडे सोय आहे हो, पण मुलीच्या दृष्टीने बघितलं तर..." असं म्हणत, आणि त्या 'पण'च्या पुढचं सगळं केतकीला पाठ झालं होतं.

शेवटी तिने शाळाजुळणी गाठली आणि हे 'पण' बंद झालं. मुलाच्या कानामागे एक चकती चिकटवायची. तिचं कागदोपत्री नाव भलंमोठं होतं, पण आकारावरून सगळे तिला टिकली म्हणत. ही टिकली त्वचेवरचा घाम, नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर आणि मेंदूतल्या विजेच्या बारीक लहरी दिवसरात्र टिपत राही. त्यावरून केंद्रातला संगणक त्या मुलाचं एक प्रतिरूप तयार करी. दिसायला ते काहीच नसे, नुसतं गणित. पण कशाने हे मूल बिचकतं, कशाने खुलतं, किती वेळात सावरतं, हे त्या गणितात उतरलेलं असे. जिल्ह्यातल्या शाळांचीही अशीच मोजणी झालेली होती. वर्गातला आवाज, उजेड, बाकांमधली दाटी, शिक्षकांच्या बोलण्याचा वेग, मधल्या सुट्टीतला गोंधळ, सगळं नोंदलेलं होतं. मग संगणक त्या प्रतिरूपाला प्रत्येक शाळेत पहिली ते चौथी शिकवून काढी, तेही वीस हजार वेळा. एखाद्या खेपेला मध्येच बाई बदलत, एखाद्या खेपेला जिवलग मैत्रीण शाळा सोडून जाई, एखाद्या खेपेला मूल आजारी पडे. एवढं सगळं दुपारच्या जेवणाच्या आत उरके आणि शंभरपैकी एक आकडा समोर येई.

पाच वर्षांत हे आकडे इतके खरे ठरले होते, की लोकांनी शाळा बघायला जाणंच सोडून दिलं. पूर्वी दहावीचे टक्के विचारत तसे नातेवाईक आता जुळणीचे आकडे विचारत. केतकीला तर हा आकडा म्हणजे देवाघरचा कौलच वाटत होता. ह्या मुलीसाठी काय बरोबर ते कुणीतरी ठामपणे सांगावं आणि आपण डोळे मिटून ऐकावं, एवढंच तिला हवं होतं. ती फार थकली होती.

आता थोडं मागे जायला हवं, कारण केतकीने एक गोष्ट केली होती आणि ती कुणाला सांगितली नव्हती.

कुठल्याही मोजमापाला शून्य लागतं. वाणी तराजूवर आधी रिकामं भांडं ठेवतो, काटा शून्यावर आणतो आणि मग त्यात तेल ओततो. टिकलीचंही तसंच होतं. पहिले सात दिवस ती फक्त मुलाचं शून्य शोधे. मूल आपल्या नेहमीच्या घरात, नेहमीच्या माणसांत, काही विशेष घडत नसताना कसं असतं, ती त्याची शून्यरेषा. पुढचं सगळं त्या रेषेपासून मोजायचं. रेषेच्या वर गेलं की मूल घाबरलंय. रेषेच्या खूप खाली गेलं तर तेही वाईट, कारण भीती पेलवेनाशी झाली की काही मुलं मिटून जातात, दगडासारखी गप्प होतात. रेषेच्या आसपास राहिलं तर ते समतोल. सूचनापत्रात जाड अक्षरांत लिहिलं होतं: हे सात दिवस मुलाला त्याच्या रोजच्या घरातच ठेवावे.

शालूचं रोजचं घर म्हणजे मुरदंड्यांचं घर, आणि त्या घराच्या मागच्या भिंतीपलीकडे सुयोगचे आठ माग होते. गावात आता बिनधोट्याचे माग आले होते, पण सुयोगने वडिलांचे खडखडणाऱ्या लाकडी धोट्याचे माग जपले होते. त्या विणीच्या लुगड्यांना पुन्हा मागणी आली होती. सकाळी सहाला माग सुरू होत ते रात्री बाराला थांबत. भिंतीला सुयोगने जाड अस्तर लावलं होतं, डॉक्टरांनी शालूचे कान तपासून चांगले असल्याचं सांगितलं होतं, तरी खट्याक-खट्याक असा एकसारखा ठेका घरभर मुरलेला असे. वाईच्या शांत घाटावर वाढलेली केतकी लग्नानंतर कधी धड झोपली नव्हती. शालूचं निदान झालं त्या दिवसापासून तिच्या मनाने एक घेतलं होतं: पोरीला आवाज सोसत नाही, आणि आपण तिला आवाजाच्या कारखान्यात वाढवतोय.

म्हणून टिकली लागली त्याच दिवशी तिने शालूला उचललं आणि जयसिंगपूरला नणंदेच्या बंगल्यावर नेलं. उषाताईंचा बंगला गावाबाहेर उसाच्या शेतात. तिथे पंख्याचा आवाजही मोठा वाटायचा. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर झाडून ठेवतो, त्याच भावनेने केतकीने पोरीचे सात दिवस झाडूनपुसून केंद्रापुढे ठेवले. शालू तिथे खिडकीत बसून फ्रॉकची बाही चावत राहिली. नवीन जागा, होईल सवय, असं केतकी म्हणाली. आठव्या दिवशी परत येऊन तिने फॉर्मवर 'नोंद घरी घेतली' यापुढे सही केली आणि विसरून गेली.

पुढे नियमाप्रमाणे शालू टिकली लावून घराजवळची एक आणि पालकांच्या पसंतीची एक अशा दोन शाळांत तीन-तीन दिवस बसून आली. निवांत ही कोल्हापूरबाहेरच्या टेकडीवरची शाळा. तिथे भिंती आवाज शोषून घेत, शिक्षिका मऊ तळव्यांचे बूट घालत, चार मुलांमागे एक बाई. शालू तिथे कोपऱ्यात बसून एक रिबीन बोटाला गुंडाळत आणि सोडत होती. टिकली म्हणाली, समतोल. गल्लीच्या टोकाच्या शाळेत पहिलीला सव्वीस मुलं आणि एकट्या नसीम तांबोळी बाई. शेजारची भिंत गल्लीतल्याच बिराजदारांच्या मागांची. शालू त्या भिंतीला एक तळवा लावून बसली आणि डबा सगळा संपवून आली. टिकली लाल झाली. मूल मिटलंय, म्हणाली. डबा संपल्याचं केतकीने पाहिलं होतं, पण आकड्यापुढे डब्याला कोण विचारतो?

* * *

"चौऱ्याण्णव?" सुयोग म्हणाला. हातातली सुताची कांडी त्याने खिशात टाकली. "लई झालं की."

"एवढंच?"

"आणि काय म्हणू? चांगलं झालं." त्याने हात पुसले. "रोज तासभर जायचं आणि तासभर यायचं पोरीला झेपणार न्हाई. कोल्हापुरात खोली बघू. माग बिराजदार चालवायला घेतो म्हणालाय. मला तिकडं एखाद्या मिलमध्ये जॉबर म्हणून घेतील."

केतकीला वाटलं होतं तो भांडेल. नवऱ्याने भांडावं म्हणून ती कोल्हापूरपासून मुद्दे जुळवत आली होती, ते सगळे वाया गेले. सुयोग जॉबर होता, म्हणजे बिघडलेला माग नुसत्या आवाजावरून ओळखून दुरुस्त करणारा. गावभरची माणसं त्याला लांबून बोलवायला येत. हा माणूस माग सोडून जायला एका वाक्यात तयार झाला, आणि त्याबद्दल तिला त्याचं कौतुक वाटलं, आणि खरं सांगायचं तर मनातून सुटल्यासारखंही वाटलं. हा खट्याक-खट्याक संपणार होता. शालूसाठी तर हवंच होतं, पण तिला स्वतःलाही हवं होतं. ही दुसरी गोष्ट तिने स्वतःशीसुद्धा फारशी मोठ्याने म्हटली नव्हती.

तीन दिवसांनी सोमवार आला. सोमवारी मागांच्या भागातली वीज देखभालीसाठी सकाळपासून संध्याकाळी पाचपर्यंत बंद असे. घराला वेगळी वीज होती, पण भिंतीपलीकडे सामसूम. केतकीचा हा लाडका वार. आणि शालू सोमवारी नेहमी किरकिरी असायची. रविवारी पाहुणे येतात त्याचा शीण, अशी केतकीने त्याची व्यवस्था लावून टाकली होती.

त्या दुपारी शालू घरभर फेऱ्या मारत होती. मधेच थांबायची, मागच्या भिंतीला कान लावायची, पुन्हा चालायची. बाही चावून चावून ओली झाली होती. केतकीला वाटलं, निदान निवांतमधल्या बाईंना दाखवता येईल पोरगी किरकिरते तेव्हा आत काय होतं ते. टिकली अजून घरातच होती, अर्जासोबत परत द्यायची होती. तिने ती पुसून शालूच्या कानामागे लावली आणि फोन उघडला.

हिरवी रेषा. शून्य. समतोल.

शालूच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं. बाहीला दातांनी भोक पडलं होतं. आणि फोन म्हणत होता, मूल अगदी ठीक आहे.

टिकली बिघडली, असं केतकीला वाटलं. तिने ती काढून पुन्हा लावली. पुन्हा शून्य. ती फोनकडे बघत आणि पोरीकडे बघत तशीच बसून राहिली. पाच वाजले. भिंतीपलीकडे सुयोगने बटण दाबलं, पहिला माग घरघरला, मग दुसरा, मग सगळे आठ. फोनवरची रेषा खाली घसरायला लागली. खाली, आणखी खाली, आणि लाल अक्षरं आली: सावधान, मूल मिटत आहे.

मिटणारं मूल जमिनीवर फतकल मारून बसलं होतं. त्याने कांड्यांची टोपली ओढून घेतली होती आणि लाल, पिवळी, लाल, पिवळी अशी रांग लावत ते तोंडाने काहीतरी गुणगुणत होतं. बाही सोडून दिली होती.

केतकीला सगळं एकदम कळलं. जयसिंगपूरच्या बंगल्यात शालू सात दिवस घाबरून बसली होती, आणि ती भीतीच शालूचं शून्य म्हणून लिहिली गेली होती. त्या बंगल्याइतकीच भयाण वाटणारी निवांत शाळा म्हणून समतोल ठरली. आणि जिथे तिची भीती खरोखर उतरली, तिथे यंत्राला वाटलं, पोर मिटली. पोरीला नको होते ते अवचित येणारे आवाज, शिट्टी, मिक्सर, भोंगा. हा ठेका तर ती पोटात असल्यापासून ऐकत होती. यंत्राने काहीच चुकवलं नव्हतं. तराजूवर भांडं केतकीने चुकीचं ठेवलं होतं.

* * *

पुढचे दोन दिवस तिने हे कुणाला सांगितलं नाही. आपल्याला वाटतं, खरं कळलं की माणूस लगेच खरं बोलतो. तसं नसतं. तिच्या मनाने किती वळणं घेतली म्हणून सांगू. सवय होईलच की शांततेची. तिथल्या बाई शिकलेल्या आहेत, इथे एक बाई आणि सव्वीस पोरं. खोटी सही म्हणून नाव काढून टाकलं तर निवांतही जाईल. हे मुद्दे काही खोटे नव्हते. पण प्रत्येक मुद्द्याच्या तळाशी कोल्हापुरातली एक शांत खोली होती, आणि त्या खोलीत शालू नव्हती, केतकीच पाय पसरून झोपली होती. हे दिसलं तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुयोग चहाला आत आला तेव्हा तिने सांगून टाकलं. सोमवारचं, बंगल्याचं, सहीचं, आणि शेवटी खोलीचंही.

सुयोगने बशी खाली ठेवली. "बंगल्याचं मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"ठाऊक होतं?"

"कागद वाचलावता मी. घरीच ठेवा म्हणून लिहिलंवतं. ताईचा फोन आला तवाच म्हटलं, ह्यात काहीतरी घोळ हाय."

"मग बोलला का नाही तुम्ही?"

"तू आठ वर्षं हितं झोपली न्हाईस धड," सुयोग म्हणाला. "मला वाटलं, पोरीच्या निमित्तानं का हुईना, सुटंल बिचारी. माग काय, कुणीबी चालवंल."

केतकी रडायच्या बेतात होती, पण तिला हसूच आलं. एकमेकांच्या भल्यासाठी गप्प बसून दोघांनी मिळून पोरीला खड्ड्यात घातलं असतं. तिने तसं म्हटलं, आणि मग सुयोगही हसला. चहा गार झाला होता, तो त्याने तसाच पिऊन टाकला.

"चला केंद्रात," ती म्हणाली. "रागावतील त्या. रागावू देत."

डॉ. शिराळकर रागावल्या नाहीत. त्यांनी फोनवरची सोमवारची नोंद बघितली, पुन्हा बघितली आणि चष्मा काढून ठेवला.

"केतकीताई, तुम्ही आम्हांला झाडलेलं घर दाखवलंत," त्या म्हणाल्या. "मी आता दुसराच विचार करतेय. पाच वर्षांत आम्ही साडेतीन हजार मुलं जुळवली. त्यांतल्या किती घरांनी झाडून दाखवलं असेल? सासू-सुनेचं भांडण सात दिवस बंद ठेवलं, टीव्ही लावला नाही, पोराला मामाकडे पाठवलं. आईबाप आहेत, करणारच. आम्ही कागदावर जाड अक्षरांत लिहिलं आणि आमचं काम संपलं असं समजलो."

"आमची जागा गेली का मॅडम?" केतकीने विचारलं.

"नाही. दहा दिवस थांबवते. टिकली पुन्हा लावा. ह्या वेळी मिक्सर लावा, कुकर लावा, भांडायचं असेल तर भांडा. रोजचं घर हवंय मला."

सुयोग म्हणाला, "त्याची काळजीच करू नका."

* * *

नव्या शून्यासह संगणकाने शालूला पुन्हा वीस हजार वेळा शिकवलं. केतकी ह्या वेळी पडद्यासमोर बसली तेव्हा तिची खात्री होती की आकडे आता उलटे होतील. गल्लीची शाळा चौऱ्याण्णव, निवांत एकतीस. खरं बोलल्याचं फळ.

पडद्यावर आलं: गल्लीची शाळा अडुसष्ट. निवांत सहासष्ट.

"हे काय?" ती म्हणाली.

"हे खरं आहे ते," डॉक्टर म्हणाल्या. "गल्लीच्या शाळेत ती पहिल्या दिवसापासून निर्धास्त बसेल, पण तिला कसं शिकवायचं ते तिथे कुणाला फारसं येत नाही. निवांतमध्ये पहिलं वर्ष तिला जड जाईल, मग शिकवणं चांगलं असल्यामुळे ती भरून काढेल. दोन अंकांचा फरक आम्ही फरक धरत नाही. दोन्ही चालतील."

"मग कुठली घेऊ?"

"ते तुम्ही ठरवायचं. निवडीच्या अर्जात कारण लिहायला एक चौकट आहे. आजवर सगळे मोठा आकडा लिहून देत आले, त्यामुळे ती कुणी धड भरलीच नाही." डॉक्टर जरा संकोचून हसल्या. "यंत्राला एवढंच कळतं, केतकीताई. पुढचं त्याला कळत नाही."

केतकी घरी आली ती चिडूनच. एवढं सगळं करून शेवटी ओझं पुन्हा आपल्याच डोक्यावर. आणि आता तर कसलीच लपवाछपवी नव्हती. कोल्हापूरची शांत खोली उजळ माथ्याने घेता आली असती. कुणी तिला नाव ठेवलं नसतं, सुयोगने तर नाहीच नाही.

तिने एक केलं. दोन वर्षं शाळाशाळांत चहा पिऊनही जे केलं नव्हतं ते. टिकली डबीत ठेवली आणि शालूला घेऊन दोन्ही शाळांत नुसती बघायला गेली.

निवांतमध्ये तिला काही खोट काढता आली नाही. बाई प्रेमळ होत्या. त्यांनी शालूला रिबीन दिली, शालूने ती घेतली. दुसरी मुलगी जवळ आली आणि रिबिनीचं टोक धरून घेऊन गेली. शालूने दिली. उठली, दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली. शालू चालायला लागली तेव्हापासून केतकी तिला असंच बघत होती. कुणी काही घेतलं की देऊन टाकायची, कुणी सरकवलं की सरकायची. शहाणं बाळ, असं लोक म्हणत.

दुसऱ्या दिवशी गल्लीची शाळा. तांबोळी बाईंनी केतकीला दाराशीच गाठलं.

"हे बघा, मी स्पष्ट सांगते," त्या म्हणाल्या. "अशा मुलांचं शिक्षण मी एका महिन्याच्या वर्गात शिकलेय, बस. फिरत्या मॅडम आठवड्यातून दोनदा येतात. माझं चुकणार. तुम्ही इथंच गल्लीत आहात, चुकलं की येऊन सांगायचं. रागवायचं बी."

आत मुलं बेचा पाढा म्हणत होती. बे एके बे, बे दुणे चार. भिंतीपलीकडे बिराजदारांचे माग चालू होते आणि मुलांनाही पत्ता नसताना त्यांचा पाढा त्याच ठेक्यावर चालला होता. शालू थेट आपल्या भिंतीपाशी गेली. तिथे आज दुसरीच एक मुलगी बसली होती, दोन वेण्या घातलेली, गोलमटोल. शालू तिच्यापुढे उभी राहिली. मुलगी हलली नाही. शालूने तिच्या खांद्याला धरलं आणि ओढलं. मुलीने हिसडा दिला. मग शालूने तिला चांगलं दोन्ही हातांनी ढकललं, भिंतीवर तळवा आपटला आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझं."

पाढा थांबला. वेण्यावाली भोकाड पसरून रडायला लागली. केतकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि ती पुढे धावली, पण तांबोळी बाईंनी तिचा हात धरला.

"थांबा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "आधी त्यांचं त्यांना बघू दे."

वेण्यावालीचं रडणं आपोआप ओसरलं. तिने नाक पुसलं, शालूकडे रागाने पाहिलं आणि भिंतीला पाठ लावून शालूच्या अगदी शेजारी बसकण मारली. शालूने एक बोट वर केलं, ढकलावं की ढकलू नये असा विचार केल्यासारखं, आणि मग ते खाली घेतलं. वीतभर जागा तिने सोडली. वीतभरच.

दोन दिवसांनी केतकीने डॉ. शिराळकरांच्या टेबलावर निवडीचा अर्ज ठेवला. त्यांनी शाळेचं नाव बघितलं, मग कारणाच्या चौकटीकडे बघितलं. केतकीने तिथे चारच शब्द लिहिले होते.

"'तिथे ती जागेसाठी भांडली,'" त्यांनी वाचलं आणि मान वर केली. "ह्याला मी कारण कसं म्हणू, केतकीताई? भांडली, म्हणजे वाईटच ना?"

"नाही मॅडम," केतकी म्हणाली. "सहा वर्षांची झाली. आजवर तिला कुठं काही हवंच नव्हतं."